भाताभोवती मांडलेलं जेवण: क्वालालंपूरच्या मोठ्या मलय हॉटेलात

नमस्कार श्रोतेहो.

क्वालालंपूरला जाणारी आपली मंडळी पहिल्या सकाळी टपरीवर नासी लेमाक खातात, वर फेसाळता तेह तारिक, म्हणजे उंचावरून ओतलेला दुधाचा चहा, पितात. ते तिथेच करावं. नारळाच्या दुधात शिजवलेला तो भात पांढऱ्या मेजपोसावर आला म्हणून जास्त चवदार होत नाही. मोठ्या मलय हॉटेलात पैसे मोजायचे ते टपरीला न परवडणाऱ्या गोष्टींसाठी. मंद आचेवर तीन-चार तास ढवळावं लागणारं रेंदांग, म्हणजे नारळाच्या दुधात आटवलेलं मांस, हाताने कुटलेलं वाटण, आणि गावाकडच्या घरी सणाला किंवा लग्नाला होणारे पदार्थ, यांसाठी.

आधी एक गल्लत दूर करू. मलेशियन जेवण आणि मलय जेवण एक नव्हे. मलेशियन या शब्दात चिनी नूडल्स, तमिळ डोसे आणि पेरानाकान, म्हणजे तिथे पिढ्यान्‌पिढ्या रुळलेल्या चिनी वंशाच्या घरांचा न्योन्या स्वयंपाक, सगळंच येतं. मलय स्वयंपाक मुस्लिम घरातला, त्यामुळे डुकराचं मांस नाही. मात्र हलाल प्रमाणपत्र हवं असेल तर दारावर 'जाकिम' या सरकारी खात्याचं चिन्ह पाहावं. दारू विकणाऱ्या हॉटेलाला ते मिळत नाही, म्हणून अशी हॉटेलं 'पोर्क-फ्री' एवढंच लिहितात. जालान सिलोनवरचं 'बिजन' घ्या. नावाचा अर्थ तीळ, स्वयंपाक अस्सल मलय, आणि सोबत बारही आहे. 'देवाकान'सारखं ठिकाण मात्र वेगळ्या जातीचं. २०२२ च्या डिसेंबरात हॉटेलांना तारे देणारी मिशेलिन मार्गदर्शिका क्वालालंपूर आणि पेनांगला पहिल्यांदा आली आणि वर्षभराने या हॉटेलाला दोन तारे मिळाले. तिथे स्थानिक रानभाज्या-फळांचे ठरावीक पदार्थ एकामागून एक येतात, निवडीचा प्रश्नच नाही. आजचं बोलणं पहिल्या प्रकारच्या हॉटेलाबद्दल आहे, कारण तिथे चूक करायला भरपूर वाव असतो.

सर्वात मोठी चूक ऑर्डर देताना होते. आपण इंग्रजी पद्धतीचं मेनूकार्ड पाहतो आणि ज्याने त्याने आपापला एक पदार्थ मागवतो. चौघांत तीन नारळाच्या रश्श्याचे पदार्थ येतात, सगळेच दाट, आणि चौथ्या घासाला जीभ थकते. मलय जेवण ताटासारखं असतं. भात ज्याचा त्याचा, बाकी सगळं मधोमध, एकदम, वाटून खायचं. या वाढण्याला 'हिदांग' म्हणतात. ताट कसं भरायचं हे आपल्याला शिकवायला नको: एक दाट, एक पातळ, एक आंबट, एक कच्चं, एक तिखट. चौघांसाठी कोरडं रेंदांग एक. आंबट-तिखट माशाचं असाम पेदास एक. नारळाच्या दुधातला एकच पदार्थ, उदाहरणार्थ नगरी सेंबिलान या राज्याचं मासाक लेमाक चिली आपी. एक केराबू, म्हणजे त्यांची कोशिंबीर. आणि सांबाल बेलाचान, ही कोळंबीच्या वडीची तिखट चटणी. भात चार वाट्या, लागेल तसा वाढवायचा. एवढं पुरतं. सातेच्या, म्हणजे निखाऱ्यावर भाजलेल्या मांसाच्या, पाच-सहा काड्या आधी मागवायला हरकत नाही, पण शेंगदाण्याची ती गोडसर चटणी पोट लवकर भरते.

मासाक लेमाकबद्दल इशारा. रंग हळदीचा, सौम्य, आपल्या सोलकढीच्या शेजारी बसेल असा. त्यात ओल्या हळदीबरोबर लवंगी मिरचीच्या वाणाची बारीक मिरची वाटलेली असते. पिवळा रंग पाहून मुलांच्या भातावर ओतू नये.

आता मेनूवरचे शब्द. 'दागिंग' म्हणजे मांस, पण मेनूकार्डावर नुसतं 'दागिंग' लिहिलेलं असलं की ते गोमांस. रेंदांगही, काही सांगितलं नाही तर बहुधा गोमांसाचंच येतं. ज्यांना चालत नाही त्यांनी 'काम्बिंग', म्हणजे बोकड, किंवा 'आयाम', म्हणजे कोंबडी, असं विचारून घ्यावं. 'इकान' मासा, 'उदांग' कोळंबी, 'सोतोंग' माकूळ. 'गुला' म्हणजे साखर. हा शब्द आपल्या गुळाचाच भाऊबंद, दोघांचं मूळ संस्कृत 'गुड'.

शाकाहारी श्रोत्यांनी पुढचं नीट ऐकावं, कारण इथेच सर्वाधिक फसगत होते. अडचण मांसाची नसते, बेलाचानची असते. बारीक कोळंबी मिठात आंबवून, वाळवून, कुटून केलेली ही वडी जवळजवळ प्रत्येक वाटणात जाते. हिरव्यागार कांगकुंगमध्ये, म्हणजे नाळीच्या भाजीत, ती असते. कोवळ्या फणसाच्या रश्श्यात बऱ्याचदा सुकी कोळंबी असते. सांबालात 'इकान बिलिस' नावाची चिमुकली सुकी मासळी असते. जेवायला बसल्यावर 'ते काढून द्या' म्हणून उपयोग नाही, कारण वाटण सकाळीच एकत्र वाटून ठेवलेलं असतं आणि त्यातून कोळंबी वेगळी निघत नाही. म्हणून टेबल राखतानाच, निदान एक दिवस आधी, सांगावं: 'तान्पा बेलाचान, तान्पा उदांग केरिंग, तान्पा इकान बिलिस.' तान्पा म्हणजे विना. नुसतं 'व्हेजिटेरियन' म्हटलं तर समोरचा भाजीचा पदार्थ आणून ठेवतो, आणि त्याच्या दृष्टीने ते बरोबरच असतं.

स्वयंपाकघराची पारख दोन गोष्टींवर होते. पहिली सांबाल बेलाचान. साधारण दहा ताज्या लाल मिरच्या, एक मोठा चमचा भाजलेलं बेलाचान, दोन-तीन लिमाउ कास्तुरी, म्हणजे तिथली इवलीशी लिंबं, आणि मीठ. हे दगडी खलात कुटायचं. मिक्सरमध्ये फिरवलं की मिरचीचं पाणी सुटतं आणि चटणी फेसाळते. बेलाचान नीट भाजलं नसेल तर नाकाला कच्चा, उग्र वास येतो. नीट भाजलेल्याचा वास आपल्या भाजलेल्या सुकटीसारखा, भूक चाळवणारा. लिंबू ऐनवेळी पिळलेलं हवं. सकाळी करून ठेवलेली चटणी रात्री मलूल लागते. ही छोटी वाटी बिघडलेली असेल तर बाकीच्या ताटाकडून फार आशा ठेवू नये.

दुसरी पारख रेंदांग. कांदा, लसूण, आलं, लेंगकुआस नावाचं आल्याच्याच कुळातलं कंदमूळ, गवती चहाचे बुडखे आणि मिरची यांचं वाटण तेलात परततात, तेल सुटेपर्यंत. त्यासाठी त्यांचा शब्द 'पेचाह मिन्याक', शब्दशः तेल फुटणं. घाई केली तर कांद्याचा कच्चटपणा शेवटच्या घासापर्यंत जात नाही. मग किलोभर मांसाला जवळपास लिटरभर नारळाचं दूध, आणि मंद आच. शेवटी केरिसिक: ओला नारळ खमंग भाजून, तेल सुटेपर्यंत कुटलेला. मालवणी वाटणाची सवय असलेल्या माणसाला हे लगेच कळेल. केरिसिक लवकर टाकलं तर तळाला लागतं आणि कडवट होतं. टाकलंच नाही, नुसतं दूध आटवलं, तर रंग येतो पण खमंगपणा येत नाही. अगदी शेवटी हळदीचं पान बारीक चिरून. होय, पातोळ्यांचं तेच पान. ताटात रस्सा वाहत असेल तर ते रेंदांग नव्हे, गुलाई, म्हणजे नारळाच्या दुधाची रस्सेदार आमटी झाली. आणि कोंबडीचं रेंदांग कुरकुरीत नसतं. २०१८ साली एका ब्रिटिश पाककला-स्पर्धेत परीक्षकांनी कोंबडीची कातडी कुरकुरीत नाही अशी तक्रार केली, तेव्हा मलेशियात सरकार आणि विरोधक, दोघेही एका सुरात उखडले होते.

मला विचाराल तर या ताटातला सर्वात दुर्लक्षित भाग म्हणजे उलाम, कच्च्या पानांची परडी. तीत पेगागा असते, आपल्या कोकणातला कारिवणा. चौधारी घेवड्याच्या शेंगा असतात. पेताई नावाच्या हिरव्या बिया असतात, वास उग्र, आणि तो दुसऱ्या दिवसापर्यंत सोबत करतो, हे ठाऊक असू द्या. पान मोडून सांबालात बुडवायचं आणि भाताबरोबर खायचं. नारळाचा जडपणा कापायचं काम हीच परडी करते. निळा भात दिसला तर घाबरू नये. तो केलांतान राज्याचा नासी केराबू, आणि रंग गोकर्णाच्या फुलांचा.

खायची रीत सोपी. उजव्या हाताने, किंवा चमचा-काट्याने. काट्याने घास चमच्यात लोटायचा, काटा तोंडात घालायचा नाही. सुरी नसतेच. चोचीचं पितळी भांडं आणि खाली जाळीचं ताट आलं तर ती केंदी, हात धुण्यासाठी, पिण्यासाठी नव्हे. मधल्या पदार्थांतून एका वेळी एक-दोनच चमचे घ्यावेत. सगळं एकदम ताटात कालवलं तर आंबट आणि खमंग यांचा फरक मोडतो. पिण्यात सरबतं बेताबाहेर गोड असतात. 'कुरांग मानिस' म्हणावं, गोड कमी. कपड्यांचं फार काही नाही, अर्धी चड्डी आणि चपला टाळाव्यात. लांब बाह्यांचा बाटिक शर्ट तिथे सुटाच्या तोडीचा मानतात.

रमजानात जात असाल तर आधी फोन करावा. पुष्कळ ठिकाणी संध्याकाळी नेहमीचा मेनू बंद असतो, फक्त 'बुका पुआसा'चा, म्हणजे रोजा सोडण्याचा बुफे. सूर्यास्त साधारण सव्वासात-साडेसातला. अजान होईपर्यंत भरलेली ताटं समोर ठेवून सगळे थांबतात, मग आधी खजूर. पाहुण्यानेही तेवढं थांबावं.

गोडात सागो गुला मलाका घ्यावा. साबुदाणाच, पण आपला टॅपिओकाचा, तिथला मुळात सागो माडाच्या गाभ्यातला. पाण्यात शिजवून, गार करून, वर खारट नारळाचं दूध आणि माडाच्या नीरेचा काळा गूळ. दूध आणि गूळ वेगवेगळ्या भांड्यांत येतात, आपल्या हाताने ओतायचे. दुधात चिमूटभर मीठ नसेल तर सांगून मागवा. मिठाशिवाय तो नुसता पाक लागतो. आणि मेनूवर किमतीपुढे दोन अधिकचिन्हं असतील तर एक दहा टक्के सेवाशुल्काचं आणि दुसरं सहा टक्के सेवाकराचं. म्हणजे चारशे रिंगिटचं जेवण चारशे चौसष्टच्या आसपास पडतं. वर टिप द्यायची तिथे रीत नाही.