बांधाच्या दोन बाजूंचं पाणी

[ड्रोन : बांध, दोन्ही बाजूंना पाणी]

एका अंगाला वाडन समुद्र, दुसऱ्या अंगाला गोड्या पाण्याचं आयसलमीर. मधोमध नेदरलँड्सचा अफस्लाउटडाइक, ३२ किलोमीटर लांबीचा. १९३२ साली या बांधाने खाडीचं तोंड बंद केलं. आयसल नदीचं पाणी आत येत राहिलं आणि खाडीचा तलाव झाला.

[बांधाचे दरवाजे, खळाळ]

ओहोटी लागली की दरवाजे उघडून तलावातलं जास्तीचं पाणी समुद्रात सोडतात. हा खळाळ दिसतो. पण गोडं पाणी खाऱ्यात मिसळताना सुटणारी ऊर्जा दिसत नाही. हिशेबाने ती सुमारे २७० मीटर उंचीच्या धबधब्याइतकी भरते. आजवर ती तशीच वाहून गेली आहे.

[बांधावरचं ब्रेझांडडाइक : पाइप, गाळण्या]

ती पकडायला २०१४ साली रेडस्टॅक कंपनीने इथे प्रायोगिक केंद्र उभारलं. राजे विलेम-अलेक्झांडर यांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. दोन्हीकडचं पाणी आधी गाळलं जातं, कारण शेवाळ आणि गाळ पुढच्या अरुंद फटींत अडकतो.

[जवळून : हातात धरलेला पडदा, थरांची रास]

हा पडदा नीट पाहा. मिलिमीटरच्या काही अंशाइतका पातळ. एक प्रकारचा पडदा मिठातल्या सोडियमला वाट देतो, दुसरा क्लोराइडला. ते आलटून पालटून रचायचे, एका फटीतून खारं पाणी सोडायचं, शेजारच्या फटीतून गोडं. मीठ गोड्या पाण्याकडे धावतं; सोडियम एका दिशेला, क्लोराइड उलट दिशेला. विद्युतभार असे वेगळे झाले की वीज तयार. एका जोडीतून जेमतेम ०.१५ व्होल्ट मिळतो, म्हणून अशा शेकडो जोड्या लागतात. मॅग्नेशियमसारखे दुहेरी भाराचे आयन, म्हणजे विद्युतभार असलेले कण, मधे घुसले की हा व्होल्टेजही घटतो. हे केंद्र ५० किलोवॅटसाठी आखलं होतं.

[बाहेर पडणारं पाणी]

उरलेलं मचूळ पाणी समुद्रात जातं. वाडन समुद्र जागतिक वारसा असल्याने प्रकल्प वाढवताना माशांचा विचार करावाच लागेल.

[पडद्याची गुंडाळी]

नॉर्वेत तोफ्ते इथे गोड्या-खाऱ्या पाण्याच्या याच फरकातून, पण पाण्याच्या दाबावर चालणारं केंद्र २००९ साली सुरू झालं. पडद्यांतून मिळणारी वीज खर्चाला पुरेना, म्हणून २०१३ मध्ये तो प्रयत्न सोडून दिला गेला. इथे मात्र टिलबर्गच्या फुजीफिल्मने फोटोफिल्मवर थर चढवण्याचं आपलं कसब पडद्यांसाठी वापरलं. वारा पडला, ऊन गेलं तरी नदी समुद्राला मिळायची थांबत नाही. या विजेसाठी पैसा घालायचाच, तर तो आधी पडदा स्वस्त आणि टिकाऊ करण्यात घालायला हवा.