सर्व्होला झटका कुठून येतो?

(दृश्य: टेबलावर रिमोटवर उडणारं फोमचं विमान, प्रोपेलर काढून ठेवलेला. कॅमेरा उजव्या एलेरॉनच्या जवळ.)

ट्रान्समीटरच्या दोन्ही काड्या मध्यावर आहेत, त्यांना कुणीही हात लावलेला नाही. तरी हा एलेरॉन, म्हणजे पंखाच्या मागच्या कडेचा हलता भाग, मधूनच थरथरतोय. त्याला हलवणारी छोटी मोटर म्हणजे सर्व्हो. थ्रॉटल अर्ध्यापर्यंत नेला की थरथर वाढते. हेच हवेत झालं असतं तर विमान एका अंगाला कललं असतं आणि खाली उभ्या असलेल्या प्रत्येकाच्या तोंडी एकच शब्द आला असता: इंटरफिअरन्स, म्हणजे बाहेरच्या सिग्नलचा अडथळा.

३५ आणि ७२ मेगाहर्ट्झच्या काळात ही तक्रार बऱ्याचदा खरीही असायची. एकाच चॅनेलवर दोघांनी सेट चालू केले की हवेतलं विमान गेलंच म्हणून समजा. त्यामुळे मैदानावर चॅनेलचे आकडे लिहिलेले चिमटे ठेवलेले असत, आणि आपला चिमटा हातात आल्याशिवाय सेट चालू करायची सोय नव्हती. विमानातल्या रिसीव्हरची अँटेना म्हणजे चांगली मीटरभर लांब वायर. ब्रशवाल्या मोटरच्या ठिणग्या असोत की धातूवर धातू घासणारी कंट्रोलची तार, सगळा गोंगाट त्या वायरीत शिरायचा. म्हणून मोटरच्या टोकांवर ०.१ मायक्रोफॅरडचे कपॅसिटर सोल्डर करायची पद्धत पडली. ब्रशवाली मोटर वापरत असाल तर ते आजही लावा.

(दृश्य: जुना आणि नवा रिसीव्हर शेजारी शेजारी.)

२.४ गीगाहर्ट्झच्या सेटमध्ये मात्र दोषाची लक्षणंच बदलली. इथे प्रत्येक संदेश तपासूनच घेतला जातो. संदेश मोडकातोडका आला तर रिसीव्हर तो टाकून देतो आणि सर्व्होला आधीच्या जागीच धरून ठेवतो. बराच वेळ धड संदेश आलाच नाही, तर फेलसेफ, म्हणजे अशा वेळेसाठी आधीच ठरवून ठेवलेली कंट्रोलची स्थिती, लागू होतो. म्हणजे रेडिओचा दुवा तुटला तर कंट्रोल गोठतात. ते थरथरत असतील, तर आकाशाकडे बघण्याआधी विमानाच्या पोटात बघावं. दोष बहुतेक वेळा तिथेच सापडतो: सर्व्होत, वायरीत किंवा वीजपुरवठ्यात.

सुरुवात सर्व्होपासून करू, कारण ते सगळ्यात सोपं आहे. थरथरणारा सर्व्हो काढून रिसीव्हरच्या दुसऱ्या खोबणीत लावा. तिथेही तो थरथरला, तर त्याच्या आतला पोटेन्शिओमीटर (सर्व्होची जागा मोजणारा भाग) झिजला असण्याची शक्यता जास्त. काडी सावकाश फिरवल्यावर तो ठरावीक जागीच अडखळतो का, तेही पाहा. आता प्रत्येक कनेक्टर बोटाने हलवून बघा. प्लॅस्टिकच्या घरातून अर्धी मागे सरकलेली पिन वरून दिसत नाही, पण मोटरच्या कंपनाने तिचा स्पर्श तुटत-जुळत राहतो.

सर्व्हो आणि कनेक्टर धडधाकट निघाले तर बीईसीकडे वळू. विमान उडवणाऱ्या बॅटरीतूनच रिसीव्हरला पाच व्होल्ट पुरवणारं सर्किट म्हणजे बीईसी. बहुधा ते ईएससीतच, म्हणजे मोटरचा वेग सांभाळणाऱ्या सर्किटातच, बसवलेलं असतं.

(दृश्य: ईएससीच्या तीन वायरींचा कनेक्टर, लाल वायर बाहेर ओढताना.)

ईएससीकडून रिसीव्हरला जाणाऱ्या कनेक्टरमधली लाल वायर बाहेर काढा आणि तिचं टोक टेपने झाकून टाका. सिग्नलची आणि काळी किंवा तपकिरी वायर तशीच राहू द्या. रिसीव्हरला चार सेलचा ४.८ व्होल्टचा वेगळा निकेल पॅक जोडा आणि पुन्हा थ्रॉटल द्या. प्रोपेलर अजून लावायचा नाही. थरथर गेली, तर दोष बीईसीचा.

लिनिअर बीईसी जादा व्होल्ट सरळ उष्णतेत घालवतो. तीन सेलची लिपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी पूर्ण चार्ज असताना १२.६ व्होल्टला असते. त्यातून पाच व्होल्टवर एक अँपिअर घेतला, तर ७.६ वॉट नुसती उष्णता होते. चार सेलवर तोच आकडा ११.८ वॉटवर जातो. बारीक सोल्डरिंग आयर्न १५ वॉटचा असतो, आणि इथे ही उष्णता फोमच्या बंद पेटीत कोंडलेली असते. बीईसी तापला की स्वतःला वाचवायला बंद पडतो. चार सेल आणि चार-पाच सर्व्हो असतील तर मी लिनिअर बीईसीच्या भानगडीतच पडणार नाही. सरळ वेगळा स्विचिंग बीईसी बसवेन, तो जादा व्होल्ट असे उष्णतेत घालवत नाही.

बीईसीला भार पेलला नाही की व्होल्टेज घसरतं. ही घसरण काही मिलिसेकंदांचीच असते, त्यामुळे साध्या मल्टिमीटरवर ती दिसत नाही. रिसीव्हरकडून टेलिमेट्री, म्हणजे विमानातले आकडे ट्रान्समीटरवर, येत असेल तर किमान व्होल्टेजची नोंद बघा. सगळ्या काड्या एकदम गोल फिरवा आणि दुसऱ्याला कंट्रोलच्या पृष्ठभागांवर हलका दाब द्यायला सांगा. पाचाचे चार झाले तर तुमच्या हाती फार काही उरलेलं नाही. व्होल्टेज आणखी घसरलं की रिसीव्हर रीसेट होतो, आणि सावरायला त्याला जो वेळ लागतो तेवढा वेळ विमान कुणाचंच नसतं.

आता वायरिंग. बॅटरी आणि ईएससीमधली वायर लांबवू नका. तिथे वायर वाढली की ईएससीच्या तोंडाशी असलेल्या कपॅसिटरवर व्होल्टेजचे झटके बसतात. लांबवायचंच असेल तर मोटरकडच्या तीन वायरी लांबवा. फेराइट रिंग, म्हणजे वायरीतला गोंगाट शोषणारं कडं, लोक सगळ्यात आधी लावतात. ती सगळ्यात शेवटी लावावी. सर्व्होच्या लांब वायरीवर तिचा उपयोग होतो, बीईसीच्या अशक्तपणावर होत नाही.

(दृश्य: अँटेनाच्या टोकाचा क्लोजअप, शेजारी पट्टी.)

कंट्रोल थरथरण्याऐवजी गोठत असतील, तर अँटेना बघा. कामाचं आहे ते फक्त शेवटचं ३१ मिलिमीटरचं उघडं टोक. ते कार्बन फायबरच्या दांड्यापासून, बॅटरीपासून आणि मोटारीच्या वायरींपासून दूर हवं. दोन अँटेना असतील तर त्या एकमेकींशी काटकोनात बसवा. ट्रान्समीटरच्या अँटेनाचं टोक विमानावर रोखू नका. टोकाच्या दिशेने सिग्नल सगळ्यात दुबळा असतो.

शेवटी रेंज टेस्ट. प्रोपेलर लावा, एकाने विमान मागून घट्ट धरा. ट्रान्समीटर कमी शक्तीच्या मोडवर टाका आणि उत्पादकाने सांगितलेल्या अंतरावर जा. बऱ्याच सेटसाठी ते तीसएक पावलं असतं. आधी मोटर बंद ठेवून कंट्रोल हलवा, मग मोटर चालू करून. मोटर चालू केल्यावर अंतर झपाट्याने घटलं, तर गोंगाट अजून विमानातच आहे. निभावलं, तर थ्रॉटल थोडा वर ठेवून ट्रान्समीटर बंद करा. मोटर थांबली पाहिजे. ती फिरतच राहिली, तर फेलसेफ नव्याने सेट करून हीच चाचणी पुन्हा घ्या.