खट्ट आवाज आला का?

(दृश्य: अ‍ॅम्ब्युलन्सचं मागचं दार उघडं, आत रिकामं स्ट्रेचर)

अ‍ॅम्ब्युलन्स म्हटलं की सायरन आठवतो, ट्रॅफिकमधून गाडी काढणारा पायलट आठवतो. हो, आपल्याकडे 108 वर ड्रायव्हरला पायलटच म्हणतात. पण मी काही वर्षं या गाडीवर डॉक्टर म्हणून काढलीत आणि पोटात गोळा यायचा तो रस्त्यावर नाही, स्ट्रेचर अर्धं आत अर्धं बाहेर असतं ना, त्या चार-पाच सेकंदात.

महाराष्ट्रात ही सेवा 2014 ला सुरू झाली, 937 गाड्या घेऊन. गाडीवर डॉक्टर आणि पायलट, म्हणजे उचलायला हात किती तर चार. पेशंट 80 किलोचा असेल तर त्यात स्ट्रेचरचे 35-40 किलो धरा. बाकी गर्दी असते हो, नातेवाईक आठ-दहा असतात, पण प्रत्येकजण आपापल्या दिशेला ओढतो.

(दृश्य: स्ट्रेचरचे पाय, लिव्हर, हुक जवळून)

आता हे बघा. याला ऑटोलोडर म्हणतात. डोक्याच्या बाजूला ही छोटी चाकं आहेत ना, ती आधी गाडीच्या फ्लोअरवर टेकवायची. मग पायाकडच्या माणसाने लिव्हर दाबून ढकलायचं, स्ट्रेचरचे पुढचे पाय दुमडतात, अजून ढकललं की मागचे. डोकं आधी आत जातं त्याला कारण आहे, धडाचं वजन जास्त, ते फ्लोअरवर गेलं की पायाकडच्याला कमी उचलावं लागतं, आणि आत डॉक्टर बसतो तोही डोक्याशीच.

आत घालताना फार काही बिघडत नाही. घोटाळा होतो बाहेर काढताना. पाय आपोआप खाली पडतात, दिसायला सरळ दिसतात, पण लॉक झालेत का? खट्ट असा आवाज यायला पाहिजे, दोनदा, पुढच्या पायांचा वेगळा आणि मागच्यांचा वेगळा. आणि हा हुक. पाय उघडायच्या आत स्ट्रेचर पूर्ण बाहेर येऊ नये म्हणून तो अडवतो, पाय लॉक झाल्यावरच तो सोडवायचा.

एकदा एका हॉस्पिटलच्या गेटवर, रात्रीची वेळ, पाऊस, मागून नातेवाईक ओरडतायत, मी घाईत हुक सोडवला आणि पुढचे पाय लॉकच झाले नव्हते. स्ट्रेचर डोक्याकडून खाली बसायला लागलं. पायलटने मांडी खाली घातली म्हणून वाचलो, पेशंटला काही झालं नाही, पायलटच्या मांडीवर आठवडाभर निळा डाग होता. चूक शंभर टक्के माझी. तेव्हापासून मी तोंडाने विचारतो, आवाज आला का, आणि समोरचा "आला" म्हणेपर्यंत हात सोडत नाही. लोकांना वाटतं डॉक्टर बहिरा आहे. वाटू दे.

(दृश्य: फुटलेल्या पेव्हर ब्लॉकवरून जाणारं स्ट्रेचर)

दुसरी भानगड म्हणजे स्ट्रेचर कलंडणं. ही गोष्ट अरुंद आणि उंच, पेशंट वर झोपलेला, एक चाक खड्ड्यात गेलं की झालं. म्हणून उंची कमी करता येत असेल तर कमी करून चालवायचं, दोन्ही टोकांना माणूस पाहिजे, आडवं ढकलायचं नाही, आणि बेल्ट सगळे लावायचे, छातीचा, कमरेचा, पायाचा. नुसता मधला एक लावून मोकळं व्हायची सवय फार आहे आपल्याकडे. खांद्यावरून येणारे पट्टे तर कित्येक गाड्यांत गादीखाली पडलेले असतात, आणि अर्जंट ब्रेक लागला की पेशंटला पुढे सरकण्यापासून तेच धरतात.

(दृश्य: बेडवरून स्ट्रेचरवर शिफ्टिंग)

बेडवरून घेताना स्ट्रेचर एकदम चिकटवायचं, ब्रेक लावायचा, उंची शक्यतो सारखी. चादरीचं टोक धरायचं नाही, कडा गुंडाळत गुंडाळत पेशंटच्या अंगापर्यंत आणायच्या आणि तिथे मूठ आवळायची. त्याआधी नळ्या बघायच्या, सलाईन, ऑक्सिजन, आणि सगळ्यात जास्त विसरली जाणारी लघवीची पिशवी, ती पलीकडच्या बेडला तशीच अडकलेली राहते आणि पेशंट का किंचाळला ते मग कळतं. मोजणारा एकच, डोक्याकडचा. आणि तीनवर उचलायचं की तीन म्हणून झाल्यावर, हे आधी ठरवा! हसू नका, अर्धे तीनवर उचलतात आणि अर्धे नंतर, मधल्यामध्ये पेशंटची कंबर लोंबकळते.

अपघाताचा पेशंट असेल तर हे चादर प्रकरण नाहीच. मानेला-मणक्याला मार असू शकतो, त्याला स्कूप लागतो, म्हणजे कडक सपाट स्ट्रेचरच, उभा दोन भागात सुटतो तो, एकेक भाग दोन्ही बाजूंनी हळूच खाली सरकवायचा आणि डोक्याकडे आणि पायाकडे दोन्हीकडे लॉक करायचा. इथेही परत तो आवाज.

(दृश्य: जुन्या चाळीचा लाकडी जिना)

आणि जिना. इथे स्ट्रेचर वळतच नाही, मग पट्टेवाली खुर्ची. दम लागलेल्या पेशंटला तर ती बरीच, आडवं केलं की त्याचा जीव अजून घाबरा होतो. उतरताना पाय पुढे, डोकं वरच्या बाजूला. एका आजीला असंच नेत होतो, तिसरा मजला, तर ती दम खात खात म्हणते, "पाय पुढं करून नका रे नेऊ, मी काय गेले नाय अजून." समजावलं की आजी, असं नेलं की तुम्हाला पुढचं दिसतं आणि मला तुमचं तोंड दिसतं. पटलं नाही तिला. खाली स्ट्रेचरवर घेतलं, पाठ उंच केली, बेल्ट लावले, गाडीत डोकं आधी घातलं, तेव्हा मास्कच्या आतून म्हणाली, "आत्ता कसं."