शेपटीचा तारा आणि प्रोहलिसचा शेतकरी

नमस्कार मंडळी. हरभऱ्याला पाणी द्यायचं म्हणून रात्रीच्या लाइनची वाट पाहत वावरात बसलेल्या सगळ्यांना आधी रामराम. दिवसा वीज मागून मागून आपण थकलो, ते राहू द्या. पण आकाश पाहायला तुमच्याएवढी फुरसत अन् तुमच्याएवढा अंधार शहरातल्या माणसाच्या नशिबी नाही. गावातही चौकात हायमास्ट लागला की तारे गेलेच म्हणून समजा. त्या दिव्याखाली पत्त्यांशिवाय काही होताना मी तरी पाहिलं नाही.

आज धूमकेतूंबद्दल बोलू, आणि वेळ उरला तर पल्सारबद्दल, म्हणजे ठोके देणाऱ्या ताऱ्यांबद्दल. पडता तारा क्षणात विझतो. धूमकेतू रोज थोडा थोडा सरकतो अन् आठवडेच्या आठवडे दिसतो. २०२२ च्या गुढीपाडव्याला रात्री आकाशातून जळत्या रेषा गेल्या आणि सिंदेवाहीकडे लाडबोरीत धातूचं मोठं कडं पडलं, ते यातलं काहीच नव्हतं. ते रॉकेटचे तुकडे होते.

इंग्लंडच्या एडमंड हॅले या खगोलशास्त्रज्ञानं १७०५ मध्ये २४ धूमकेतूंच्या कक्षांची यादी छापली. यादी मांडताना त्याच्या लक्षात आलं, १५३१, १६०७ आणि १६८२ साली दिसलेल्या तिघांची वाट जवळपास एकच. म्हणजे पाहुणा एकच, पंचाहत्तर-शहात्तर वर्षांनी परत येणारा! १७५८ च्या शेवटी तो पुन्हा दिसेल, असं हॅलेनं सांगितलं. तो स्वतः १७४२ मध्येच वारला.

आता खरी गंमत ऐका. १७५८ साल उजाडलं. पॅरिसमध्ये क्लेरो हा गणिती, लालांद हा खगोलशास्त्रज्ञ आणि निकोल-रेन लपोत नावाच्या बाई सहा महिने सकाळपासून रात्रीपर्यंत आकडेमोड करत बसले, कधी कधी तर जेवणाच्या ताटावरसुद्धा. गुरू आणि शनीच्या ओढीनं पाहुण्याला ६१८ दिवस उशीर होणार, असं त्यांचं गणित निघालं. तिकडे मेसिये नावाचा वेधकरी आपल्या वरिष्ठांनी काढून दिलेला नकाशा घेऊन रात्रीमागून रात्री दुर्बीण फिरवत होता. नकाशाच चुकीचा! धूमकेतू एकीकडे, दुर्बीण दुसरीकडे.

अन् जर्मनीत ड्रेस्डेनजवळ प्रोहलिस नावाचं खेडं. तिथं योहान गेओर्ग पालिच हा शेतकरी. पुन्हा सांगतो, शेतकरी. प्राध्यापक नाही, दरबारी ज्योतिषी नाही. पुस्तकं मिळवून स्वतःच शिकलेला. २५ डिसेंबर १७५८, नाताळची संध्याकाळ. गावात सण, अन् हा गडी आठ फुटी दुर्बिणीला डोळा लावून. तिमिंगल तारकासमूहातला मीरा हा तारा कमीजास्त होत असतो, तो दिसतो का पाहायचं होतं. आणि जमलं तर हॅलेचा पाहुणाही. मीन राशीत त्याला एक धुरकट ठिपका दिसला, आधी तिथं नसलेला. गडबड केली नाही. दुसऱ्या रात्री पाहिलं, तिसऱ्या रात्री पाहिलं. ठिपका सरकत होता! मेसियेला तो दिसला २१ जानेवारीला, जवळपास महिन्याभरानं, आणि त्याच्या वरिष्ठांनी ती बातमीही दाबून ठेवली. साहेबलोक सगळीकडे सारखेच.

१३ मार्च १७५९ ला धूमकेतू सूर्याच्या सगळ्यांत जवळ आला. गणित महिनाभर चुकलं, पण हॅले खरा ठरला. धूमकेतू दिसला की राजा मरतो म्हणायचे. राजे तसेही मरतच होते! १९८६ मध्ये तो येऊन गेला, आता २०६१ मध्ये येईल. तोवर २१ ऑक्टोबरच्या आसपास, मध्यरात्र उलटल्यावर मृग नक्षत्राच्या बाजूनं तारे पडताना दिसतील. ती हॅलेच्याच धूमकेतूची धूळ. मध्यरात्र उलटल्यावर, मृगाच्या बाजूनं, लक्षात ठेवा.

पल्सारला दोनच मिनिटं राहिली. मोठा तारा फुटला की मधला गाभा आवळून वीसेक किलोमीटरचा गोळा उरतो, तोच पल्सार. जागलीवर बॅटरी गोल फिरवली की दूरच्याला उजेड थांबून थांबून दिसतो, तसे त्याचे रेडिओ झोत फिरत फिरत आपल्यापर्यंत येतात. १९६७ मध्ये केंब्रिजच्या जॉसलिन बेल या विद्यार्थिनीला रेडिओ दुर्बिणीच्या नोंदींच्या रोजच्या शंभरेक फूट कागदात एक बारीक खरवड दिसली. दर १.३४ सेकंदाला एक ठोका. दर १.३४ सेकंदाला, न चुकता! परग्रहावरची माणसं असतील, अशी थट्टाही झाली. पण आकाशात दुसरीकडेही तसाच ठोका सापडला अन् थट्टा संपली. १९७४ चं नोबेल मात्र तिला नाही, तिच्या मार्गदर्शकाला मिळालं.

असे ठोके ऐकणाऱ्या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आपल्याच राज्यात, नारायणगावजवळ खोडदला आहेत. गुरुजी, पोरांची सहल दरवर्षी शेगावलाच कशाला? २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाच्या सुमारास तिथं प्रदर्शन भरतं. फक्त तबकड्यांजवळ मोबाइल बंद ठेवायचा. त्याच्या लहरींपुढे ताऱ्याचा ठोका ऐकू येत नाही.