पटकन बसतं, पण तिथंच बसतं का?

मित्रहो, आजचा विषय तुम्हाला माहीत आहे. बंदुकीवरची दुर्बीण किंवा टॉर्च झटकन चढवता-उतरवता यावी, तरी बसल्यावर केसभरही हलू नये, असा माउंट कसा आखायचा? आकडेमोड शेवटी करू. आधी १६८९ सालात जाऊ, कारण या विषयातली मूळ चूक तिथं लख्ख दिसते.

२७ जुलै १६८९, स्कॉटलंडमधली किलिक्रँकीची खिंड. जनरल ह्यू मॅकायची सरकारी फौज खाली, हायलंडर, म्हणजे स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातले बंडखोर, वर डोंगरउतारावर. मॅकायच्या शिपायांकडे संगिनी होत्या, पण त्या काळची संगीन म्हणजे निमुळत्या मुठीची सुरी. ती मूठ बंदुकीच्या नळीच्या तोंडातच ठोकायची, बाटलीला बूच मारावं तशी. बूच आत असेपर्यंत गोळी झाडता येत नाही, आणि बूच काढलं की हातात नुसतीच बंदूक. हायलंडर उतारावरून धावत आले, जवळ येऊन एकदा बार काढला, बंदुका टाकल्या आणि तलवारी उपसल्या. शिपायांनी गोळ्या झाडून घेतल्या, पण संगीन ठोकायला जे काही क्षण लागतात, तेच त्यांच्याकडे उरले नव्हते. फळी मोडली. जिंकणाऱ्यांचा सेनापती डंडीही त्याच लढाईत पडला. मॅकाय मात्र वाचला, आणि त्याने आठवणींत लिहून ठेवलं की पुढे आपण संगीन कड्यांनी नळीच्या बाहेरून अडकवायची पद्धत काढली. पराभवाची खंत उगाळत न बसता जोडणीचा विचार करणारा हा सेनापती मला फार आवडतो.

पुढे नळीवर चढणाऱ्या नळकांड्याची संगीन आली. नळकांड्याला वळणदार खाच, नळीवर एक गुटली. सरकवा, फिरवा, अडकली. तरीही तिच्यात ढिलाई असे, झटापटीत ती निसटायची. म्हणून मग कुलपासारखं फिरतं कडं आलं. कॅमेऱ्याच्या लेन्सच्या जोडणीला बायोनेट माउंट म्हणतात, ते नाव या संगिनीचंच. दोन पिनांचा बल्ब होल्डरमध्ये दाबून कोणी फिरवलाय? बहुतेक सगळेच हात वर आहेत, छान. मग सांगा, तो बल्ब तिथं कोणी धरलेला असतो? स्प्रिंगने, असं मागून कोणीतरी म्हणतंय. स्प्रिंग फक्त ढकलते. बल्बची जागा ठरवते ती खाच. हेच सांगायला मी आलो आहे: जागा आकाराने ठरते, जोराने नाही. जोर फक्त त्या आकाराला चिकटून राहायला लावतो.

हे मला मनस्ताप झाल्यावर कळलं. माझ्या रायफलीवरची दुर्बीण लिव्हरच्या माउंटवर होती. काढून पुन्हा लावली की शंभर मीटरवर नेम चार बोटं सरकायचा. मी लिव्हरचा नट आणखी आवळायचो, नेम आणखी सरकायचा. तीन संध्याकाळी आणि बरीच काडतुसं यात गेली. शेवटी भिंगातून पाहिलं तर रेलच्या, म्हणजे बंदुकीवरच्या ज्या पट्टीवर माउंट बसतो तिच्या, उतरत्या कडेवर एका टोकाला रंगाचा पापुद्रा होता. आता हिशेब करा. माउंटची लांबी १०० मिलिमीटर, एका टोकाखाली ०.०५ मिलिमीटरचा पापुद्रा. शंभर मीटरवर तीच चूक हजारपट होते, म्हणजे ५० मिलिमीटर. मी जितकं आवळत होतो, तितका माउंट त्या पापुद्र्यावर घट्ट तिरका बसत होता! माउंटसोबतच्या कागदावर एकच सूचना होती: नीट आवळा. कुठं टेकायला हवं, कोणती बाजू पुसायची, याचा एक शब्द नाही. ही तक्रार मी जिथं बोलतो तिथं मांडतो, कारण वापरणाऱ्याला हे सांगणं हे आखणी करणाऱ्याचंच काम आहे.

चिठ्ठी आली आहे, पाच मिनिटं उरली. मग मुद्द्याचं भराभर सांगतो.

पिकॅटिनी रेल म्हणजे आडव्या खाचा असलेली बंदुकीवरची पट्टी, तिचं मानक १९९५ चं. खाच ५.२३ मिलिमीटर रुंद, दोन खाचांमधलं अंतर १०.०१ मिलिमीटर. कोणत्याही वस्तूला हलण्याच्या सहा वाटा असतात, तीन सरकण्याच्या आणि तीन फिरण्याच्या. प्रत्येक वाट एकदाच अडवा. रेलच्या वरच्या सपाट बाजूने तीन अडवा, एका कडेने दोन, खाचेच्या भिंतीने एक. दुसऱ्या कडेचा जबडा फक्त दाबायला. सातवा टेकू दिलात की कोण कुठं टेकेल ते धूळ ठरवेल. नेटोच्या २००९ च्या मानकातही वरच्या सपाट बाजूवर टेकवायची शिफारस आहे, ती याचसाठी.

धक्का घर्षणावर सोडू नका. गोळी सुटली की बंदूक मागे येते, दुर्बीण जडत्वाने जागेवर राहू पाहते, म्हणजे रेलवर ती पुढे सरकायला बघते. म्हणून माउंटचा आडवा बोल्ट खाचेच्या पुढच्या भिंतीला टेकलेला हवा. लावताना माउंट नळीच्या तोंडाकडे ढकला आणि मगच लिव्हर लावा.

लिव्हरचा कॅम, म्हणजे फिरवला की जबडा दाबणारा त्याचा फुगीर भाग, सर्वांत उंच बिंदू ओलांडून थोडा पुढे जाऊन थांबला पाहिजे, म्हणजे दाब त्याला बंदच ठेवतो. दाबाच्या वाटेत थोडा लवचीकपणा हवा, वाटीसारखी स्प्रिंगची चकती चालेल. नाहीतर रेल जराशी जाड-बारीक निघाली की दाब एकदम चढतो किंवा नाहीसाच होतो. शिवाय लिव्हरला एक वेगळी खिट्टी द्या, कपड्यात अडकून उघडू नये म्हणून.

चाचणी सोपी आहे. दहा वेळा काढा, दहा वेळा लावा, आणि प्रत्येक वेळी नेम कुठं पडतो ते कागदावर लिहा. समोरच्या टेबलावर रेलचा तुकडा, दोन माउंट आणि डायल गेज, म्हणजे बारीकशी हालचालही मोजणारं काट्याचं उपकरण, ठेवलं आहे. एका माउंटमध्ये मी मुद्दाम सातवा टेकू ठेवलाय. एकेकाने या, आणि कोणता तो ओळखा.