बुक नावाची फाईल: लातूरच्या आडतीवरचं कोरं पान

[यार्डाचं वरून घेतलेलं दृश्य, मग कट्ट्यांच्या थप्प्या. हमालांचा आवाज थोडा राहू द्या, निवेदन त्यानंतर.]

लातूरचं मार्केट यार्ड. सोयाबीन, तूर, हरभरा, आणि त्याच मालावर चालणाऱ्या डाळमिली गावातच. सीझनला इथं पाय ठेवायला जागा नसते, पण हे शूट येळवशीच्या, म्हणजे वेळा अमावस्येच्या, आसपासचं आहे, येळवशीला अख्खं लातूर रानात जेवायला जातं, म्हणून यार्ड असं मोकळं मोकळं दिसतंय. आपल्याला ते बरंच पडलं, कारण आपल्याला माल बघायचाच नाही. त्या थप्प्यांच्या मागं काचेची केबिन दिसतेय ना, तिथं जायचंय, रोज नव्यानं आखावं लागणारं एक्सेलचं पान एकदाच कसं तयार करून ठेवायचं ते बघायला.

[केबिन. कीबोर्डवरचे हात, एकदम जवळून.]

हे हात या आडतीवरच्या, म्हणजे शेतकऱ्याचा माल विकून देणाऱ्या दुकानातल्या, ऑपरेटर ताईंचे. सकाळी दुकान उघडलं, कॉम्प्युटर चालू झाला, एक्सेल उघडलं, समोर कोरं पान. आता नीट बघा, अजून एकाही शेतकऱ्याचं नाव टाईप झालेलं नाही. आधी सगळं सिलेक्ट, मग फॉन्ट बदलायचा, साईज बदलायचा, नावाचा कॉलम माउसनं ओढून रुंद करायचा, कट्टे आणि वजनाचे अरुंद. वरती दुकानाचं नाव. मग पेज लेआउट, कागद ए-फोर, पान आडवं, मार्जिन कमी. मग तारखेचा फॉरमॅट. मग हमाली आणि तोलाई वजा करून निव्वळ रक्कम काढायचा फॉर्म्युला, तो खाली ओढायचा. हा शॉट आम्ही मुद्दाम कापला नाही, आहे तसा ठेवलाय, लांब वाटला तर वाटू द्या. बाहेर दहा कट्टे इकडून तिकडं गेले की दिसतं, मोजता येतं, त्याची हमाली ठरलेली असते. हे जे आत चाललंय ते कुठल्याच हिशोबात येत नाही.

[स्क्रीनचा क्लोजअप. कोरी शीट.]

कोरं पान म्हणतो आपण, पण ते तितकं कोरं नसतं. फॉन्ट कुठला, कागद कुठला, शीट किती, हे सगळं कंपनीनं आधीच ठरवून दिलेलं असतं. 2007 पासून एक्सेल कॅलिब्री फॉन्टमध्ये अकरा साईजला उघडायचं, त्याआधी एरियल दहा होता, आणि आता मायक्रोसॉफ्ट 365 मध्ये ॲप्टॉस नॅरो आलाय. कॅलिब्रीत देवनागरी अक्षरंच नाहीत, आपण मराठी टाईप केलं की विंडोज गपचूप दुसरा फॉन्ट उसना आणून दाखवतं, म्हणून नाव एका वळणाचं आणि शेजारचे आकडे भलत्याच वळणाचे दिसतात. शीटचंही तसंच, 2013 च्या आधी प्रत्येक नवीन फाईलीत तीन शीट यायच्या, दोन रिकाम्या, त्या कुणाला पाहिजे होत्या देव जाणे.

[प्रिंटर. लाल दिवा लुकलुकतोय.]

हा दिवा का लागलाय? ट्रेमध्ये ए-फोर कागद आहे आणि फाईल लेटर साईज मागतेय. लेटर हा अमेरिकेतला कागद, 279 मिलिमीटर लांब. आपला ए-फोर 297. कॉम्प्युटर आणि प्रिंटरची सेटिंग अमेरिकेची राहिली की एक्सेल पण तोच कागद धरून चालतं, आणि प्रिंटर अडून बसतो. ताई उठतात, बटण दाबतात, परत येऊन बसतात.

[मुनीमकाकांचं बोट स्क्रीनवर.]

आणि हे काका बोटानं काय मोजायलेत? शून्य. रक्कम आहे बारा लाख चौतीस हजारांची, स्क्रीनवर 1,234,000. स्वल्पविराम भलत्याच ठिकाणी. काकांना 12,34,000 दिसलं तर एका नजरेत वाचतील, पण इथं मिलियनचा हिशोब, म्हणून बोट लावावं लागतंय.

तारखांचा घोळ त्याहून भारी आहे, जरा थांबून बघा. नोव्हेंबरच्या तारखा आहेत, आपण टाकतो तशा, आधी दिवस मग महिना. एक ते बारा तारखेपर्यंत सगळ्या उजवीकडं नीट लागलेल्या. तेरा तारीख आली की लगेच डावीकडं चिकटायला सुरुवात. का, तर कॉम्प्युटर अमेरिकेच्या पद्धतीनं आधी महिना वाचतोय. तेरावा महिना नसतोच, म्हणून 13/11 त्याच्या लेखी तारीख नाही, नुसती अक्षरं. म्हणजे चूक तेरा तारखेपासून सुरू झाली असं दिसतं, पण खरी चूक वरच्या बारा ओळींत आहे, कारण 5/11 त्यानं अकरा मे म्हणून घेतलीय आणि कुणाला सांगितलंही नाही.

हे दोन रोग मात्र एक्सेलच्या टेम्प्लेटनं, म्हणजे आधीच आखून ठेवलेल्या पानानं, बरे होत नाहीत, ते आधीच सांगून टाकतो. स्वल्पविराम आणि तारखेचा क्रम एक्सेल विंडोजकडून घेतं. कंट्रोल पॅनल, रीजन, फॉरमॅट इंग्लिश इंडिया, बस. कागदासाठी प्रिंटरच्या सेटिंगमध्ये पण ए-फोर करून ठेवायचा. हे आधी, बाकीचं नंतर.

[लाल वही. काका पान उलटतात.]

ही वही काकांच्या कपाटातली. शॉट सुंदर आलाय म्हणून थोडा जास्त ठेवलाय, कबूल. पण बघा, पानाला उभ्या घड्या पाडलेल्या आहेत. शाईनं रेघा मारायची गरजच नव्हती, घडी हाच कॉलम, जमा एका अंगाला नावे दुसऱ्या अंगाला. दिवाळीत वहीपूजन व्हायचं, पहिल्या पानावर श्री, लाभ, शुभ, आणि वर्षभर मुनीम फक्त आकडे लिहायचा, पान आखत बसायचा नाही. वही तयार होऊनच गादीवर यायची. एक्सेलमध्ये अशी तयार वही करून ठेवायची सोय कधीपासूनच आहे, फक्त दुकानात कॉम्प्युटर बसवणारा तेवढं सांगत नाही.

[परत स्क्रीन. ताई नवीन फाईल उघडतात.]

आता करूनच बघू. साधा अर्धा इलाज आधी. फाईल, ऑप्शन्स, जनरल, तिथं नवीन वर्कबुकसाठी फॉन्ट, साईज आणि शीट किती एवढं ठरवता येतं. ताईंनी निर्मला यूआय निवडला, देवनागरी आणि आकडे दोन्ही त्यात आहेत. पण कागद, मार्जिन, कॉलमची रुंदी यातलं तिथं काहीच नाही. त्यासाठी पूर्ण इलाज.

एक रिकामी फाईल घेतली. फॉन्ट, ए-फोर, मार्जिन, तारखेचा फॉरमॅट, वर हेडरमध्ये दुकानाचं नाव, खाली पान नंबर. ताई पट्टीचे, म्हणजे शेतकऱ्याला द्यायच्या विक्रीच्या हिशोबाच्या कागदाचे, मथळे पण टाकायला लागल्या, शेतकऱ्याचं नाव, गाव, माल, कट्टे, वजन, भाव... तेवढ्यात काका मागून म्हणाले, "अगं, उद्या बँकेला स्टॉकचं स्टेटमेंट द्यायचं म्हणलं तर त्यातबी पट्टी उघडंल की." बरोबर बोलले. कॉम्प्युटरला हात न लावणारा माणूस, पण इथली खरी गोम त्यांनीच पकडली. जे प्रत्येक फाईलीत लागतं तेवढंच या पानात ठेवायचं. पट्टी वेगळी.

[एफ ट्वेल्व्ह दाबतानाचा क्लोजअप.]

मग एफ ट्वेल्व्ह, म्हणजे सेव्ह ॲज. टाईपमध्ये एक्सेल टेम्प्लेट. इथं लक्ष द्या, हा प्रकार निवडला की एक्सेल स्वतःच फोल्डर बदलतं, डॉक्युमेंट्समधल्या कस्टम ऑफिस टेम्प्लेट्समध्ये जाऊन बसतं, आणि तिथंच सेव्ह केलं तर नवीन फाईल पहिल्यासारखीच उघडत राहते, माणूस म्हणतो हे चालतच नाही. फोल्डर बदलायचं. विंडोज आणि आर दाबून रन उघडा, टक्का, ॲपडेटा, परत टक्का, एंटर. मग मायक्रोसॉफ्ट, त्यात एक्सेल, त्यात एक्सएलस्टार्ट. हा रस्ता घ्यायचा कारण ॲपडेटा फोल्डर लपवलेलं असतं, नुसतं शोधून दिसत नाही. तिथं फाईल सेव्ह, नाव बुक. इंग्रजीत, बी ओ ओ के, मागं एक्स एल टी एक्स आपोआप लागतं. नाव तेवढंच. न्यू बुक नको, आडत बुक नको, दुकानाचं नाव तर नकोच. आणि एक्सएलस्टार्टमध्ये ही आणि पुढं येणारी शीट नावाची टेम्प्लेट सोडून दुसरं काही ठेवू नका, तिथली बाकी प्रत्येक फाईल एक्सेल चालू होताच उघडते.

[एक्सेल बंद, परत चालू.]

उघडलं. आणि तेच जुनं पान! ताईंचा चेहरा कॅमेऱ्यात आहे, त्यावर बोलत नाही. झालं असं की सुरुवातीला जो हिरवा स्टार्ट स्क्रीन येतो, त्यातल्या ब्लँक वर्कबुकवर क्लिक केलं. ते ब्लँक वर्कबुक आपल्या बुकला विचारतच नाही, ते कंपनीचं पान देतं. परत ऑप्शन्स, जनरल, अगदी खाली स्टार्ट स्क्रीन दाखवायची खूण असते ती काढली. आता थेट आपलं पान. चालू एक्सेलमध्ये नवीन पाहिजे असेल तर कंट्रोल एन. डेस्कटॉपवर राईट क्लिक करून न्यू मधून एक्सेल शीट काढायची सवय असेल तर सोडा, त्यालाही आपलं बुक माहीत नाही.

[टायटल बार, जवळून: बुक1.]

वर नाव बघा, बुक1. म्हणजे मूळ फाईल सुरक्षित, ही तिची नक्कल, कितीही खरडा. फक्त चालू फाईलीत खालच्या अधिक चिन्हावर दाबून नवीन शीट घेतली तर ती परत कंपनीची येते. त्यासाठी एकाच शीटची दुसरी टेम्प्लेट, नाव शीट, त्याच फोल्डरात. हे निम्म्या लोकांना माहीत नसतं.

आणि पट्टी? ती मात्र त्या कस्टम ऑफिस टेम्प्लेट्समध्येच ठेवली. फाईल, न्यू, पर्सनल, तिथं दिसते. मालाच्या कॉलमला यादी लावली, सोयाबीन, तूर, हरभरा, मूग, उडीद, आता एकदा सोयाबिन आणि एकदा सोयाबीन असं होत नाही, बेरीज फुटत नाही. मथळ्याची ओळ प्रत्येक छापील पानावर यावी म्हणून प्रिंट टायटल्स लावले.

[बाहेर. शेतकरी पट्टी घडी करून खिशात ठेवतोय.]

पट्टी लवकर हातात आली, गावाकडची गाडी सापडली.

[आतली खोली, दुसरा कॉम्प्युटर.]

मागच्या खोलीत अजून एक कॉम्प्युटर आहे, गोडाऊनचा. एक्सएलस्टार्ट प्रत्येक विंडोज लॉगिनचं वेगळं असतं म्हणून ताईंनी फाईली पेनड्राइव्हवर घेतल्याच होत्या, कॉम्प्युटर फॉरमॅट मारायला गेला तरी उपयोगी पडतात. पण इथं एक्सेलच नाही, लिब्रेऑफिस आहे, फुकटातलं. तिथं उलट सोपं निघालं. फाईल उघडली, पान तपासलं, फाईल मेनूत टेम्प्लेट्स, सेव्ह ॲज टेम्प्लेट, नाव काहीही चालतं, खाली सेट ॲज डिफॉल्ट टेम्प्लेटची खूण, सेव्ह. ना लपलेलं फोल्डर ना स्टार्ट स्क्रीन. नको झालं तर त्याच टेम्प्लेट्समधून डिफॉल्ट रीसेट करता येतं, आणि एक्सेलवाल्यांनी ती बुक फाईल नुसती डिलीट केली तरी जुनं पान परत येतं.

गोडाऊनचा पोरगा विचारत होता की आधीच्या सगळ्या फाईली पण अशा होतील का. नाही होणार. ज्या झाल्या त्या झाल्या, इथून पुढच्या नवीन फाईलींनाच हे लागू. ताईंनी त्याला कंट्रोल एन दाखवलं आणि म्हणाल्या, "आता तू कर, मला पट्ट्या काढायच्यात."