निर्णयाच्या पानावर पुस्तक मिटा

नमस्कार मंडळी. मला विषय दिलाय की थोरामोठ्यांची चरित्रं वाचून निर्णय घ्यायला शिकता येतं का. मी तीस वर्षं एका सहकारी बँकेत काढली, त्यातली बरीचशी कर्जखात्यात, म्हणजे रोज सकाळी जाऊन हो किंवा नाही म्हणायचं हेच काम. त्यामुळे पुस्तकांकडे नंतर येतो, आधी एका फाईलची गोष्ट सांगतो.

२००५ साली आमच्या तालुक्यातला एक मुलगा पोल्ट्रीसाठी कर्ज मागायला आला. सातबारा स्वच्छ, जामीनदार दोन आणि दोघेही पगारदार, घरचं जुनं कर्ज वेळेत फेडलेलं. मी स्वतः जागेवर जाऊन आलो, शेड कुठं होणार, पाणी उन्हाळ्यात टिकतं का, रस्ता टेम्पो येण्यासारखा आहे का, सगळं बघितलं आणि तीन पानी नोट लिहिली, कर्ज मंजूर झालं. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यात नवापूरला बर्ड फ्लू सापडला. नवापूर कुठं आणि आम्ही कुठं, पण लोकांनी राज्यभर चिकन खायचं सोडलं, भाव असा कोसळला की त्या पोराला खाद्याचे पैसेसुद्धा सुटेनात, हप्ते थकले आणि खातं एनपीएत, म्हणजे थकलेल्या कर्जांच्या यादीत गेलं. मग इन्स्पेक्शनला साहेब विचारतात, हे कर्ज दिलंच कसं? तेव्हा ती नोट उघडली. त्यात लिहिलेलं होतं की आज मला काय काय माहीत आहे, कशाची धास्ती आहे आणि तरीही मी शिफारस का करतोय. साहेबांनी वाचलं आणि म्हणाले, त्या दिवशी मीही हेच केलं असतं.

उलटंही झालंय बरं का. एका कपडेवाल्याला निव्वळ ओळखीवर कर्ज दिलं गेलं, नोट अर्ध्या पानाची, आणि त्यानं पै न् पै फेडली. सगळे म्हणाले काय माणूस ओळखलाय! मला ते अजून पटत नाही. तो निर्णय वाईटच होता, कर्ज फिटलं एवढंच.

आता चरित्र वाचताना आपलं काय होतं बघा. शेवट आधीच माहीत असतो. महर्षी कर्वे म्हटलं की आपल्याला पांढऱ्या दाढीचे, शंभरी गाठलेले, १९५८ साली भारतरत्न मिळालेले अण्णा दिसतात, पुण्यात राहणाऱ्याला तर कर्वे रोडच दिसतो. मग १८९३ चं पान आलं की आपण वाचतो "त्यांनी विधवेशी विवाह केला" आणि मान हलवून पुढं जातो, कारण हा माणूस मोठा होणार हे आपल्याला ठाऊक असतं. पण त्याला ठाऊक नव्हतं ना! तिथं चौतीस वर्षांचा एक विधुर आहे, पदरी मुलगा आहे, दोनच वर्षांपूर्वी फर्ग्युसनमध्ये गणित शिकवायला आलाय, आणि कोकणात मुरुडला घर आहे, गाव आहे, भावकी आहे. भारतरत्न वगैरे त्या फाईलमध्ये नाहीये.

म्हणून मी गेली पंचवीस वर्षं एक करतो. निर्णयाचं पान आलं की पुस्तक मिटतो. चक्क मिटतो, बोट घालून ठेवतो आणि वहीत बँकेसारखी नोट लिहितो. याला आज काय माहीत आहे, याच्या मागं कोण उभं आहे, कोण सोडून जाईल, पैसे कुठून येतात, याच्या जागी मी असतो तर काय केलं असतं. खरं लिहायचं, शोभेल असं नाही. मग पुस्तक उघडायचं. माझ्या त्या वह्यांमध्ये बहुतेक ठिकाणी मी "थांबलो असतो" असं लिहिलंय, आणि त्यातून मला माझ्याबद्दल जेवढं कळलं तेवढं कुठल्या ट्रेनिंगमध्ये कळलं नाही.

आता एक जोडी सांगतो, ती माझी सगळ्यात आवडती आहे, कारण प्रश्न एकच आणि उत्तरं दोन. न्यायमूर्ती रानडे १८७३ साली विधुर झाले, वय एकतीस. विधवाविवाहाच्या बाजूनं उघड उभे राहिलेले, मित्रमंडळींना वाटत होतं की आता हे स्वतः विधवेशीच लग्न करणार. वडिलांना तीच भीती, त्यांनी घाईनं स्थळ ठरवलं. माधवरावांनी, म्हणजे रानड्यांनी विनवण्या केल्या, मुलीच्या वडिलांनासुद्धा सांगून बघितलं की मी सुधारक, माझे डोळे अधू, मी विलायतेला जाणार, कशाला मला मुलगी देता. रानड्यांचे वडील म्हणाले तसं असेल तर मी घर सोडून करवीरला, म्हणजे कोल्हापूरला जातो, तुमचा आमचा संबंध संपला. आणि रानड्यांनी ऐकलं. अकरा वर्षांच्या मुलीशी लग्न केलं. तीच पुढं रमाबाई रानडे.

मी रानड्यांना फार मानतो. हे लिहिताना, बोलताना मला आजही जड जातं, पण हा निर्णय चुकला. आणि तो मोठ्या माणसाचा आहे म्हणून गुळमुळीत बोलायचं नाही. मात्र चुकला म्हणून पान उलटायचंही नाही. मी तिथं पुस्तक मिटून नोट लिहिली तेव्हा माझ्या लक्षात आलं, की माझ्या वडिलांनी घर सोडतो म्हटलं असतं तर मीही हेच केलं असतं. म्हणजे ज्या ठिकाणी हा माणूस वाकला ती जागा माझ्यातही तशीच आहे. दुसरं असं की चुकीच्या निर्णयानंतर माणूस काय करतो हाही निर्णयच असतो. लग्न होताच त्यांनी रमाबाईंना शिकवायला घेतलं, घरातल्या बायकांचा विरोध असताना, आणि त्या मुलीनं पुढं १९०९ साली पुण्यात सेवासदन उभं केलं. यानं आधीची चूक पुसली जात नाही. पण चुकल्यावर हातपाय गाळून बसायचं नाही हे मला तिथं दिसलं.

वीस वर्षांनी, १८९३ ला, तोच प्रश्न कर्व्यांपुढं. बायको दोन वर्षांपूर्वी गेलेली, स्थळं कुमारिकांची येणार हे उघड. त्यांनी ठरवलं की लग्न केलं तर विधवेशीच. गोदूबाई म्हणजे त्यांचे मित्र नरहरपंत जोश्यांची बहीण, लहानपणीच विधवा झालेली, पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकत होती. ११ मार्च १८९३ ला पुण्यात लग्न झालं. मग ही दोघं मुरुडला गेली तेव्हा गावानं सभा भरवून बहिष्कार घातला, यांच्याबरोबर कुणी बसायचं नाही, आणि भावानं घरात घेतलं तर भावावरही बहिष्कार.

आता सोपं वाक्य असं की कर्वे धीट आणि रानडे भित्रे. मला ते मान्य नाही. दोन फाईली शेजारी ठेवून बघा. रानड्यांचे वडील समोर बसलेले, हुकूम देणारे. कर्व्यांचं पोट फर्ग्युसनवर चालत होतं आणि तिथं तेव्हा प्रिन्सिपल कोण होते? आगरकर, स्वतःच कट्टर सुधारक! विधवेशी लग्न केलं म्हणून आगरकर कुणाला नोकरीवरून काढणार होते का? म्हणजे गाव सुटलं तरी पगार सुटणार नव्हता, मित्र सुटणार नव्हते. कर्व्यांचं धैर्य यानं कमी होत नाही, मुरुडचा बहिष्कार खराच होता आणि आईला, भावाला तो सोसावा लागला. पण मी पोरांना हे मुद्दाम सांगतो, की तुला एखादी गोष्ट करायचीय ना, मग हिंमत गोळा करायच्या आधी बघ तुझा आगरकर कोण आहे. नसेल तर आधी तो शोध.

आणि अजून एक. कर्व्यांचा मला सगळ्यात मोठा वाटणारा निर्णय लग्नाचा नाहीच, त्याच्या नंतरचा आहे. लग्नानंतर त्यांनी विधवाविवाहाच्या प्रचारासाठी मंडळी, म्हणजे संस्था काढली, गावोगाव फिरले, आणि दोनतीन वर्षांत त्यांना दिसलं की लग्नाला तयार होणारी घरं हाताच्या बोटावर मोजण्याइतकी, पण मुलीला शिकवायला तयार होणारी पुष्कळ. मग १८९६ ला अनाथ बालिकाश्रम काढला आणि विवाहाच्या प्रचाराचं काम आश्रमापासून लांब ठेवलं. विचार करा, ज्या गोष्टीसाठी गाव सोडलं, ज्यासाठी शिव्या खाल्ल्या, तीच बाजूला ठेवायची! सुधारक मित्रांना ते रुचलं नसणार. मी वहीत लिहिलं होतं, "मी जुन्यालाच धरून बसलो असतो, कारण त्यासाठी एवढं सोसलंय." सोसलं म्हणून धरून बसणं, हे बँकेत मी शंभर वेळा बघितलंय, बुडत्या धंद्यात लोक घर गहाण टाकतात ते याच कारणानं.

पुढं हिंगण्याच्या माळावर झोपडी बांधली, कॉलेज सुटल्यावर पुण्याहून पायी जायचे, पावसाळ्यात चिखल तुडवत. आणि १९१६ चं महिला विद्यापीठ, तेव्हा वय अठ्ठावन्न, ज्या वयात आमच्याकडं निरोपसमारंभाचा नारळ देतात. त्याची कल्पना जपानच्या महिला विद्यापीठाची एक छोटी पुस्तिका वाचून पक्की झाली. म्हणजे तेही वाचूनच.

आता माझ्या घरातलं सांगतो, कारण त्याशिवाय माझं म्हणणं अर्धं राहील. १९९७ साली मी कर्व्यांचं आत्मवृत्त वाचून भारावलो होतो. फ्लॅटच्या बुकिंगसाठी आम्ही दोघांनी साठवलेले ऐंशी हजार रुपये होते, आणि मी त्यातले साठ हजार काढून गावातल्या गरीब मुलांसाठी अभ्यासिका सुरू केली. एक गाळा भाड्यानं घेतला, टेबलं केली, ट्यूबलाईट लावल्या. घरी सांगितलं ते पैसे दिल्यावर. बायको काही बोलली नाही. चारपाच दिवसांनी वाचनालयातून येताना एक पुस्तक घेऊन आली आणि माझ्या ताटाशेजारी ठेवलं. म्हणाली, "कर्वे वाचलेत ना, आता बाया कर्वे वाचा."

ते "माझे पुराण" होतं. गोदूबाई, लग्नानंतरच्या आनंदीबाई, सगळे त्यांना बाया म्हणायचे, त्यांचं आत्मचरित्र. नवऱ्याबद्दल आदर पानोपानी आहे, पण संस्थेसाठी सगळं देऊन टाकणाऱ्या माणसाच्या घरात रोजचा स्वयंपाक कशावर होतो, हेही त्यात सरळ सरळ लिहिलंय. तोच काळ, तेच घर, पण दुसऱ्या पुस्तकात हिशेबाची दुसरी बाजू आली. मी दोन रात्रींत संपवलं. मग बायकोला म्हटलं, चुकलं माझं. ती म्हणाली, "पैशाचं काही नाही हो. विचारलं असतंत तर मी कदाचित हो म्हटलं असतं. विचारलंच नाहीत." अभ्यासिका नीट चालली, त्यातली मुलं आज नोकरीला लागलीत, भेटली की पाया पडतात. पण माझ्या वहीत त्या निर्णयापुढं मी चूक असंच लिहून ठेवलंय, कपडेवाल्याच्या कर्जासारखंच.

तेव्हापासून माझा नियम झाला, की शक्य असेल तिथं दुसरं पुस्तक शोधायचं, ज्याला निर्णयाची झळ लागली त्याचं. आपण मराठी माणसं यात फार श्रीमंत आहोत, खरंच. रानडे वाचायचे तर रमाबाईंच्या आठवणी आहेत, गोखल्यांची प्रस्तावना असलेल्या. कर्वे वाचायचे तर बाया आहेत. रेव्हरंड टिळक, म्हणजे ख्रिस्ती झालेले कवी ना. वा. टिळक वाचायचे तर त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंची स्मृतिचित्रे आहेत. एवढ्या बायकांनी एवढ्या मोकळेपणानं लिहून ठेवलंय आणि आपण त्यांना नुसतं "साहित्य" म्हणून कपाटात ठेवलं.

मघाशी कुणीतरी चिठ्ठी पाठवली, की एवढ्या नोटा लिहीत बसलं तर निर्णय कधी घ्यायचा, वेळ निघून जाईल. चांगला प्रश्न आहे. बाबासाहेबांचं बघा. १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्यात सांगितलं की हिंदू म्हणून मरणार नाही. धम्मदीक्षा घेतली १४ ऑक्टोबर १९५६ ला, नागपुरात. एकवीस वर्षं आणि एक दिवस. काय सोडायचं ते त्या दिवशी जाहीर केलं, आणि कुठं जायचं यासाठी मात्र अभ्यास केला, धर्मामागून धर्म तपासला, कारण मागून लाखो माणसं येणार होती. एकाच प्रश्नातला एक भाग ताबडतोब आणि दुसरा भाग सावकाश, हे मला तोवर सुचलंच नव्हतं. मीही नंतर कर्जाच्या कामात तसं करायला लागलो, नाही म्हणायचं असेल तर त्याच दिवशी सांगायचं, माणसाला हेलपाटे घालायला लावायचे नाहीत, आणि हो म्हणायच्या आधी जागेवर जाऊन यायचं.

तर पुढच्या महिन्यात आपण इथंच बसणार आहोत. वाचनालयात स्मृतिचित्रेच्या दोन प्रती आहेत, आळीपाळीनं न्या, घरी असेल त्यांनी स्वतःची आणा. फेब्रुवारी १८९५ पर्यंत वाचा, टिळक मुंबईत ख्रिस्ती झाले आणि ती बातमी घरी पोचते तिथपर्यंत. तिथं खूण घाला आणि पुस्तक मिटा, कितीही वाटलं तरी पुढचं पान बघू नका. बाईंच्या पदरी लहान मुलगा आहे, स्वतःचा पैसा नाही, माहेर आणि सासर दोन्हीकडं आकांत चाललाय. एका कागदावर लिहून आणा की उद्या सकाळी त्यांनी काय करावं. पुढचं पान आपण सगळे मिळून उघडू.